सुमतीबायचे दोन तारे

सुमतीबाय कुणाशीही बोलत असली तरी मधेच, मान न वळवता, "आहे हो, अण्णा" म्हणायची आणि पुढचं वाक्य जिथं सोडलं होतं तिथून उचलायची. नव्या माणसाला वाटायचं, बाईच्या डोक्यात काही बिघाड आहे. बिघाड नव्हता. आत खाटेवर तिचे वडील पडून असायचे आणि दर चार-पाच मिनिटांनी "सुमे" अशी हाक मारायचे. उत्तर लगेच गेलं नाही तर ओरडायचे, हाताला लागेल ते फेकायचे. त्यामुळे तिचा एक कान कायम घराकडे. अकरा वर्षं मी तिला अशीच पाहिली. एक कान वडिलांकडे आणि बाकीची सगळी ती आभाळातल्या दोन ताऱ्यांकडे.

मी तिचा शेजारी. रत्नागिरीहून एसटीनं तासाभरावर, खाडीच्या काठाला आमची वाडी. निम्म्याहून जास्त घरांना गणपती ते गणपती कुलूप, माणसं मुंबईला. माझाही मुलगा तिकडेच. तो बोलावतो, मी जात नाही. माझं शिक्षण चौथी, तीही पुरती नाही. पण बंदरावर भरतीची पट्टी वाचायचं काम मी एकतीस वर्षं केलं. धक्क्याला खुणा केलेला खांब असतो. पाणी कुठल्या खुणेला आहे ते दर तासाला बघायचं आणि वहीत लिहायचं, ऊन असो की वादळ. माझ्या आकड्याला कुठल्या साहेबानं बोट लावलं नाही. हे पुढचं कळावं म्हणून सांगतो. थोडं मोठेपणासाठीही सांगतो, लपवायचं कशाला.

आमच्या दोन घरांच्या मध्ये कमरेएवढा जांभ्या दगडाचा गडगा आहे. वाडीत मोबाईलला रेंज कुठेच नाही, फक्त त्या गडग्याच्या एका कोपऱ्यात, रातांब्याच्या झाडाखाली मिळते. का ते देव जाणे. सुमतीबाय पुण्याची मोठी नोकरी सोडून वडिलांसाठी आली, तेव्हा आठवड्याभरात तिला तो कोपरा सापडला. कॉम्प्युटर छातीशी धरून उभी राहिली.

"काका, इथे बसले तर चालेल?"

"बस की. गडगा काय माझ्या एकट्याचा आहे?"

"कोपरा तुमच्या बाजूला येतो."

"मग माझ्या परवानगीनं बस."

बसली. थोड्या वेळानं म्हणाली, "तुम्ही बंदरावर भरती मोजायचात ना? तुमचा आकडा किती चुकायचा?"

मला राग आला. म्हटलं, "माझा आकडा चुकायचा नाय."

"असं नसतं काका. लाट हलते, डोळा हलतो. दोन बोटं? चार बोटं?"

मी धक्क्यावरचा खांब डोळ्यांपुढे आणला. "पाणी शांत असलं तर एक बोट. वारा असला तर चार."

ती अशी खूश झाली जसं काही मी तिला आंब्याची पेटी दिली. म्हणाली, "हे ज्याला सांगता येतं तोच मोजणारा. माझं चुकत नाही म्हणणारी माणसं मी पुष्कळ बघितली. किती चुकतं ते सांगणारा मिळत नाही." त्या दिवसापासून ती मला बरोबरीचा माणूस समजून बोलायची. चाळिशीला आलेली, डॉक्टरेट घेतलेली बाई आणि चौथीतून उठलेला मी. माझ्याशी असं तोवर कुणी बोललं नव्हतं.

वाडीला मात्र तिचं काम कळलं नाही. ती क्ष-किरणांचं काम करते एवढं पसरलं आणि बायाबापड्या गुडघ्याच्या, कमरेच्या फिल्मा घेऊन यायला लागल्या. तिनं एकीलाही परत पाठवलं नाही. फिल्म उजेडाकडे धरायची आणि म्हणायची, "मला यातलं कळत नाही हो वहिनी. पण इथे तडा दिसतोय, डॉक्टरला हेच बोट लावून विचारा." आणि आतून हाक आली की फिल्म हातात धरूनच, "आहे हो, अण्णा."

मला तिचं काम कळायला दोन पावसाळे गेले. पहिल्या पावसाळ्यात मी म्हटलं, "आता आभाळ भरलं. तुला चार महिने सुट्टी."

"माझे किरण मुळात जमिनीवर पोचतच नाहीत काका. वरची हवाच ते गिळून टाकते. म्हणून यंत्र हवेच्या बाहेर फिरत ठेवलेलं आहे. त्याला ना पाऊस, ना ढग."

"मग तू तारा बघतेस कधी?"

"बघत नाही. मोजते. एकेक किरण यंत्रात येऊन पडतो, त्याची नोंद होते. ती नोंद मला इथे मिळते."

"म्हणजे पागोळीखाली डबा ठेवायचा आणि थेंब मोजायचे."

"तेच. फक्त पागोळी हजारो वर्षं लांब आहे."

तिचे तारे दोन होते. दोन्ही आपल्या सूर्यापेक्षा कितीतरी पटींनी वजनदार, आणि एकमेकांभोवती फिरणारे. दोघांच्याही अंगातून वारा सुटतो. आपल्याकडचं वादळ त्याच्यापुढे फुंकर. ते दोन वारे मधोमध एकमेकांवर आदळतात आणि आदळतात तिथे एवढं तापतं की त्यातून क्ष-किरण निघतात. हे ऐकल्यावर मी तिला खाडीच्या मुखाची गोष्ट सांगितली. ओहोटीचं पाणी बाहेर पडत असतं आणि बाहेरची लाट आत येत असते, तेव्हा दोन्ही भिडतात त्या जागी पाणी उकळतं. होडी उलटते ती तिथेच.

ती गडग्यावरून उठून उभी राहिली. "आणि ओहोटी जोराची असली तर?"

"तर उकळी बाहेर सरकते, दर्याकडे. लाट जोराची असली तर आत."

"काका, अगदी हेच. ज्याचा वारा कमी, त्याच्याकडे ती रेघ सरकते. हे समजावायला मी पोरांपुढे तासभर फळ्यावर चित्रं काढायची."

"मग पोरांना खाडीवर आणायची होतीस."

हसली ती. तिचं हसणं मोठं होतं, पण लगेच आवरायची. आत झोपलेलं माणूस जागं होईल म्हणून हसू आवरायची सवय लागलेली बाई होती ती.

आता खरी गोष्ट. ते दोन तारे लांबट वाटेनं फिरतात. आठ वर्षांना थोडे दिवस कमी, एवढ्या काळानं एकदाच ते अगदी जवळ येतात. जवळ येताना किरण वाढत वाढत जातात, आणि मग एक तारा दुसऱ्याच्या दाट वाऱ्याच्या आड जातो तेव्हा धाडकन उतरतात. दोन-चार दिवसांत सगळं. तो उतार कसा पडतो, यावरून वारा किती दाट आहे आणि तारा स्वतःला किती झिजवतोय हे कळतं. सुमतीबायला तो उतार हवा होता. ती नोकरीत होती तेव्हापासून त्याच्या मागे होती. मागच्या वेळी तारे जवळ आले त्याच आठवड्यात अण्णा खाटेवरून पडले आणि मांडीचं हाड मोडून घेतलं. ते दिवस तिनं दवाखान्यात त्यांच्या उशाशी काढले. उतार गेला. मग तिनं पुढच्या फेरीची तयारी सुरू केली, आठ वर्षं आधी. "माझ्या हातात आणखी एक फेरी आहे. त्यानंतरची धरली तर साठीला आलेली असेन. तोवर वर यंत्र असेल की नाही आणि ते मला कोण देईल, कुणाला ठाऊक."

एकदा मी विचारलं, "इतकी एकमेकांवर आदळतात, तर सोडून का जात नाहीत?"

"वजन, काका. एवढं वजन असलं की लांब जाता येतं, पण सुटता येत नाही. परत यावंच लागतं."

"मग याचा शेवट कसा होतो?"

"एक जण फुटतो. मोठा स्फोट होतो. मग कधी कधी दुसरा सुटून निघून जातो."

आतून हाक आली, "सुमे." त्या वेळी उत्तर जायला उशीर झाला. ती तळहाताकडे बघत बसली होती. दुसरी हाक आली तेव्हा उठली आणि धावत आत गेली. पुढचे तीन दिवस ती कोपऱ्यावर आली नाही.

आता अण्णांचं आणि माझं सांगायला हवं. अण्णा म्हणजे आमचे हेडमास्तर. तीस वर्षांपूर्वी वाडीला होड्यांसाठी धक्का बांधायचं ठरलं, तेव्हा देवळात सभा झाली. मी उठून सांगितलं, उधाणाला पाणी इथवर चढतं, धक्का आणखी हातभर उंच घ्या. मी आकडा वर्षं-वर्षं लिहिलेला माणूस. हेडमास्तर सगळ्यांदेखत म्हणाले, "भिकाजी, चौथी नापास माणसानं आकड्यात पडू नये. बस खाली." लोक हसले. धक्का त्यांच्या म्हणण्याप्रमाणे झाला, आणि आजही दर उधाणाला पाणी त्याच्यावरून जातं. लोकांना तो पाण्याखाली दिसतो, पण मला नापास म्हटलेलं कुणाला आठवत नाही. मला आठवतं. त्याच सभेत, देवासमोर हात ठेवून मी बोललो की या माणसाची पायरी मी चढणार नाही. तीस वर्षं चढलो नाही. त्यांची बायको गेली तेव्हाही वाटेवर उभा राहिलो, आत गेलो नाही. सुमतीबायला हे सगळं ठाऊक होतं. सभेच्या वेळी ती कॉलेजात होती, सुट्टीला आलेली. तिनं अकरा वर्षांत मला एकदाही "या ना आत" म्हटलं नाही. चहाचा कप गडग्यावर ठेवायची.

मग ती दुसरी फेरी आली. आषाढात. तिला यंत्राचा वेळ मिळालेला होता. किती तरी लोकांनी मागितलेला, तो तिला मिळाला, घरी बसून, पगाराशिवाय काम करणाऱ्या बाईला. बेत असा होता की यंत्र दर तीन दिवसांनी थोडा वेळ ताऱ्याकडे वळेल, त्याची नोंद तिला मिळेल, आणि उतार सुरू होतोय असं दिसलं की तिनं लगेच कळवायचं. मग यंत्र दिवसभर तिकडेच रोखून ठेवायचं. कधी रोखायचं ते फक्त तिनं सांगायचं. महिनाभर ती कोपऱ्यावर छत्री बांधून बसत होती. किरण चढत होते. "काका, उधाण," एवढंच म्हणायची आणि बोटांनी आकडा दाखवायची.

सोमवारी संध्याकाळी वारा सुटला. तारा तुटल्या, खांब वाकले, वीज गेली, टॉवर बंद पडला. कोपऱ्यातली रेंज गेली. मंगळवारी सकाळी ती सारखी फोन वर धरून उभी. आता टॉवर सुरू होईल, मग होईल. दुपारी गडग्याशी आली. केस ओले, डोळे लाल.

"काका, एक मागू?"

"माग की."

"मला शहरात जायला हवं, आत्ताच्या एसटीनं. तिथे वीज आहे, नेट आहे. रात्रीपर्यंत परत येते. अण्णांजवळ बसाल?"

दुसरं कुणी नव्हतं. अण्णांची अंघोळ घालायला येणारी बाई लेकीच्या बाळंतपणाला देवरूखला गेलेली. शेजारच्या वहिनीला अण्णांनी एकदा तांब्या फेकून मारला होता, ती पायरीशीही यायची नाही. पुरुष म्हणावा तर मी.

मी म्हटलं, "बाय, मी देवासमोर बोललेला माणूस आहे. देवाला विचारल्याशिवाय मला येता यायचं नाय. कौल लावतो. उजवा आला की येतो."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे अडलेलं काम असलं की ग्रामदेवाला कौल लावतात. गुरव देवाच्या पाषाणाला दोन्ही बाजूंनी फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी पाकळी आधी पडली तर देव हो म्हणतो, डावी पडली तर नाही.

"कधी कळेल?" तिनं विचारलं.

"गुरव शेजारच्या गावी गेलाय. उद्या सकाळी येईल."

तिनं ओले केस मागे सारले. मग म्हणाली, "काका, पाणी उतरायला लागलं की खांब वाचणारा देवळात जाऊन बसतो का?"

हे बोलणं मला लागलं. खरं होतं म्हणूनच लागलं, पण तेव्हा माझा ताठा आणखी वाढला. मी पाठ फिरवली. ती तशीच आत गेली, कारण आतून हाक आली होती.

बुधवारी सकाळी गुरव आला. त्यानं पाकळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं, आणि आम्ही बसलो. बाहेर पाऊस. एक तास गेला, दोन तास गेले, पाकळी हलेना. मी देवाकडे बघत होतो आणि मनातून काय मागत होतो ते आता सांगतो. मला डावा हवा होता. दुपारी डावी पाकळी पडली.

गुरव माझ्या वयाचाच. तो म्हणाला, "भिकाजी, देव नाय म्हणतो. पण तू विचारलंस कसं? जाऊ की नको, असं विचारलंस. ज्याला जायचं असतं तो म्हणतो, जातोय, वाट मोकळी कर."

"देवाचं काम मला शिकवू नको."

"मी देवाचं कुठे बोलतोय? तुझं बोलतोय."

मी छत्री घेऊन निघालो. वाटेवर सुमतीबायच्या घरासमोर रिक्षा उभी होती. मी बांधाआड थांबलो. तिनं अण्णांना चादरीत गुंडाळून, रिक्षावाल्याच्या मदतीनं आत बसवलं होतं. शहरात घेऊन जायचं ठरवलं असावं. अण्णा ओरडत होते, "कुठे नेतायत मला? सुमे! सुमेला बोलवा!" ती शेजारी बसूनच सांगत होती, "मीच आहे, अण्णा. आहे हो." ते तिला ओळखेनात. रिक्षा वळणापर्यंत गेली आणि थांबली. अण्णांनी रिक्षावाल्याच्या मानेला धरलं होतं. तो खाली उतरला, हात जोडून म्हणाला, "ताई, नाय जमणार. दरीत जाईल गाडी." रिक्षा मागे आली. अण्णांची नखं तिच्या मनगटात रुतलेली. ती रडत नव्हती. घड्याळाकडे बघत होती.

तेव्हाच मी बांधाआडून पुढे व्हायला हवं होतं. झालो नाही. देवानं नाही म्हटलंय, असं स्वतःला सांगत घरी गेलो, आणि जेवलो नाही.

गुरुवारी उजाडता उजाडता मी उठलो, अंघोळ केली, स्वच्छ धोतर नेसलो. गडगा ओलांडून सोपं होतं, पण मी पुढच्या वाटेनं गेलो आणि पायरी चढलो. देवाला विचारलं नाही. ती चुलीपुढे पेज ढवळत होती. मला बघून ती उठली. पळी ठेवली, पिशवी उचलली.

"पेज अकरा वाजता. गार करून. हाक मारली की 'आहे हो, अण्णा' म्हणायचं. दुसरं काही म्हटलं तर चालत नाही."

आणि एसटी गाठायला धावली. पन्नाशीची बाई चिखलातून पोरीसारखी धावताना मी दारातून बघितली.

मग मी आणि हेडमास्तर. खोलीत एक खिडकी, एक खाट, औषधांच्या बाटल्या आणि भिंतीवर तिच्या दोन ताऱ्यांची वाट पेन्सिलीनं काढलेली. मी स्टुलावर बसलो. त्यांनी डोळे उघडले. तीस वर्षं मी या घटकेची वाट बघितली होती. काय बोलायचं ते शंभर वेळा मनात घोळवलेलं. ते म्हणाले, "सुतार, पाट झाला काय?"

मी म्हटलं, "मास्तर, मी भिकाजी. धक्क्यावर पाणी येतंच. सांगितलं होतं तुम्हाला."

"कुठला धक्का?"

ज्याच्याशी मी भांडत होतो तो माणूस त्या खाटेवर नव्हताच. कधी निघून गेला होता ते मला कळलं नव्हतं, कारण मी पायरी चढलो नव्हतो. थोड्या वेळानं हाक आली, "सुमे." मी म्हटलं, "आहे हो, अण्णा." माझा घोगरा आवाज, तरी ते गप्प झाले. चार मिनिटांनी पुन्हा. दुपारपर्यंत माझा घसा सुकला. लघवीला जायची सोय नाही, डोळा लावायची सोय नाही. बाहेर जग चाललेलं ऐकू येत होतं, होड्यांची इंजिनं, कुणाचं तरी हसणं, आणि मी त्या एका शब्दाला बांधलेला. एक दिवस. तिचे अकरा वर्षांचे दिवस किती होतात याचा हिशेब मी करायला गेलो आणि मधेच सोडला.

ती अंधार पडताना आली. पिशवी खुंटीला अडकवली, अण्णांच्या कपाळावर हात ठेवला.

"मिळाला उतार?" मी विचारलं.

"नाही. मी बघितलं तेव्हा तळाशी गेले होते. काल-परवात उतरले. आता कळवलंय, उद्यापासून यंत्र रोखतील. तळ मिळेल, चढ मिळेल."

मी रोज आलो, वीज येईपर्यंत, सहा दिवस. तळ मिळाला, चढ मिळाला. सातव्या दिवशी टॉवर सुरू झाला आणि ती पुन्हा कोपऱ्यावर बसली. मी गडग्याशी गेलो. म्हटलं, "माझ्यामुळे गेला ना?"

दुसरं कुणीही "असू दे काका, तुमचा काय दोष" म्हणालं असतं. मला तेच ऐकायचं होतं. सुमतीबायनं विचार केला, खरोखरच मोजल्यासारखा. म्हणाली, "दोन दिवस गेले. मंगळवारची सकाळ माझी. लाज वाटत होती मागायला, म्हणून दुपारपर्यंत थांबले. आणि मी नसले तर दुसऱ्या कुणीतरी यंत्र रोखायला सांगावं, अशी सोयही केली नव्हती. माझं काम दुसऱ्याच्या हाती द्यायचं नाही, हा माझा हट्ट. तो अर्धा दिवस. मंगळवार दुपार ते गुरुवार सकाळ, दीड दिवस तुमचा."

"आणि देवाचा?"

"त्याचा शून्य."

मला त्या हिशेबाचा राग आला नाही. उलट बरं वाटलं. तिनं मला माफ करून लहान केलं नाही. माझी चूक किती ती बोटात सांगितली, एका मोजणाऱ्यानं दुसऱ्याला सांगावी तशी.

पौषात अण्णा गेले. झोपेतच, हाक न मारता. मी खांदा दिला. लोकांना वाटलं, आता बाई सुटली, महिन्याभरात पुण्याला जाईल. ती वर्षभर गेली नाही. कोपऱ्यावर बसायची, पण पाच मिनिटांच्या वर एका जागी बसवायचं नाही तिला. उठायची, दारापर्यंत जायची, परत यायची. मी एकदा म्हटलं, "कुणी नाय गो आता आत." ती म्हणाली, "माहीत आहे काका. पायांना माहीत नाही."

मग पुण्याहून दोन वर्षांच्या कामाचं बोलावणं आलं आणि ती गेली. जायच्या आदल्या दिवशी तिनं मला आपला छापलेला लेख आणून दिला. सगळा इंग्रजी. पण मधे एक आलेख होता, आणि आलेख मला वाचता येतो, भरतीचे आयुष्यभर बघितले. चढत गेलेले ठिपके, प्रत्येक ठिपक्याला वर-खाली बारीक काडी, म्हणजे आकडा किती चुकू शकतो ते. वर माथ्यावर शेवटचा ठिपका. मग काहीच नाही. मग खाली तळाला दाटीवाटीनं ठिपके, आणि पुढे चढ.

मी मधल्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. "इथे रेघ का नाही ओढलीस? वरून खाली आलं हे तर शेंबड्या पोराला दिसतंय."

"आलं हे दिसतंय. कसं आलं ते मी बघितलं नाही. न वाचलेला आकडा तुम्ही वहीत लिहिला असतात?"

"नाय."

"मग?" ती म्हणाली. लेखाचं शेवटचं पान उलटून म्हणाली, "काका, शेवटी आभार मानायची पद्धत असते. तुमचं नाव घालायचं होतं, सहा दिवस बसलात म्हणून. विचारल्याशिवाय घातलं नाही. दुसऱ्या लेखात घालते."

"नको."

"का?"

"नको म्हटलं ना."

तिनं पुन्हा विचारलं नाही. सकाळच्या एसटीनं गेली. गणपतीला येते म्हणाली होती, आली नाही. फोन करते. सध्या म्हणे दुसऱ्या कुठल्या दोन ताऱ्यांवर काम चाललंय, त्यांची फेरी लवकर होते.

लेख माझ्या ट्रंकेत आहे. कुणी शिकलेलं माणूस घरी आलं की मी तो काढतो. ते इंग्रजी वाचतात, मान हलवतात, आलेखाशी येतात, आणि बहुतेक सगळे त्याच जागी थांबतात. विचारतात, "इथे काय झालं? मधले ठिपके कुठे आहेत?"

मी सांगतो, "इथे मी होतो."